जहाजाचा पत्ता, मुंबईचा शिक्का

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले की खाली कोकण पसरलेले दिसते, आणि दर्याशी जिल्ह्याची ओळख तिथेच संपते. फौजेचे म्हणाल तर शहराचा लौकिक रणगाड्यांचा. १९४८ मध्ये आर्मर्ड कोअरचे केंद्र इथे आले आणि पुढे मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचेही. तरीही युद्धनौकांच्या टपालाचा विचार करायला हा जिल्हा मुंबई-कोचीपेक्षा सोयीचा आहे, असे मला वाटते. बंदरात राहणाऱ्या माणसाला जहाज आले-गेले ते डोळ्यांनी दिसते. पारनेरच्या किंवा पाथर्डीच्या घरात नौदलातल्या मुलाची खबर पिढ्यान्‌पिढ्या पोस्टमननेच आणली, तेव्हा जहाजाविषयी जे कळले ते कागदावरून कळले. शिवाय लष्करी टपालाची दुसरी, नेमकी उलटी बाजूही नगरने पाहिली आहे. ती कैद्यांच्या पत्रांची. या दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. युद्धनौकेवरून आलेल्या पत्रावरचा पोस्टाचा शिक्का जहाज कुठे होते याचा पुरावा नसतो. जहाज कुठे आहे हे कोणाला कळू नये म्हणूनच ती सगळी व्यवस्था उभी केलेली असते. त्यामुळे असे पाकीट वाचायचे तर जहाजाचा सेवा-इतिहास शेजारी उघडून ठेवावा लागतो. नुसते भिंग पुरत नाही.

पाकीट जवळून पाहू. निळसर इनलँड लेटर, तीन घड्या, कडेला लावलेली खळ पिवळी पडलेली. वर ‘मु. पो.’पासून सुरू होणारा आणि ‘ता. पारनेर, जि. अहमदनगर’ असा संपणारा पत्ता. मागे पाठवणाऱ्याच्या जागी नाव, हुद्दा, क्रमांक, जहाजाचे नाव आणि शेवटी ‘मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, कारण पिनकोड त्या दिवसापासून सुरू झाला. नुसते ‘मुंबई-१’ असेल तर बहुधा त्याआधीचे. ‘बहुधा’ म्हणायचे, कारण जुनी सवय माणसे लगेच सोडत नाहीत. पुढच्या बाजूला रवानगीचा गोल शिक्का आणि नशीब असेल तर मागे वाटप करणाऱ्या पोस्टाचा दुसरा. यात सगळ्यात ठळक अक्षर जहाजाच्या नावाचे असते, आणि ठिकाणाबद्दल सगळ्यात कमी बोलते तेही तेच. ‘विक्रांत’ हे जहाजाचे नाव, गावाचे नव्हे.

फ्लीट मेल ऑफिसची कल्पना साधी आहे. जहाज हलते आणि पोस्ट ऑफिस एका जागी असते, म्हणून ताफ्याचे टपाल किनाऱ्यावर एकाच ठिकाणी गोळा करायचे. घरच्यांनी सगळी पत्रे तिथे पाठवायची. तिथे जहाजानुसार त्यांच्या थैल्या भरायच्या आणि जहाज ज्या बंदराला लागणार असेल तिकडे थैली रवाना करायची. कोणते जहाज कुठे लागणार आहे, हे फक्त नौदलाला ठाऊक. उलट दिशेलाही तेच. समुद्रात असताना लिहिलेली पत्रे जहाजावरच साठतात, आणि जहाज किनाऱ्याला लागले किंवा दुसऱ्या जहाजाकडे थैली देता आली की पुढे सरकतात. याचा पुराव्याच्या दृष्टीने अर्थ असा की शिक्क्यावरची तारीख पत्र लिहिल्याची नाही, थैली टपालखात्याच्या हातात पडल्याची असते. पत्राच्या आतली तारीख आणि बाहेरच्या शिक्क्याची तारीख यांत दोन दिवसांचे अंतर असेल तर जहाज किनाऱ्याजवळ असण्याचा संभव; तीन आठवड्यांचे असेल तर ते लांबच्या फेरीवर असण्याचा संभव. माझ्या मते अशा पाकिटात खरी किंमत याच अंतराची आहे. सैन्यातल्या लोकांच्या घरी ‘५६ एपीओ’ आणि ‘९९ एपीओ’ हे आर्मी पोस्ट ऑफिसचे पत्ते तोंडपाठ असत, त्यामागेही हाच विचार. आकडा लिहायचा, गाव लिहायचे नाही.

आता विक्रांतचाच सेवा-इतिहास घेऊ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ‘हर्क्युलिस’ या नावाने बांधायला घेतलेले हे विमानवाहू जहाज १९४५ मध्ये पाण्यात उतरले, पण युद्ध संपल्याने अर्धवटच पडून राहिले. भारताने ते विकत घेऊन पुरे करून घेतले. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये ते भारतीय नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला पोचले. डिसेंबरात गोवामुक्तीच्या कारवाईत ते पश्चिम किनाऱ्यावर गस्तीला होते. १९६५ च्या युद्धात विक्रांत बुडवल्याची बातमी पाकिस्तानने पसरवली, आणि जहाज त्या वेळी मुंबईत दुरुस्तीच्या गोदीत उभे होते. या दोन वर्षांत एखाद्या खलाशाने नगर जिल्ह्यात पत्रे धाडली असती, तर १९६१ चे पत्र गोव्यासमोरच्या पाण्यात लिहिलेले आणि १९६५ चे गोदीत बसून लिहिलेले. पाठवणाऱ्याचा पत्ता दोन्हींवर सारखाच. नुसता पत्ता पाहून ‘जहाज मुंबईत होते’ म्हणणारा माणूस १९६५ साली बरोबर ठरेल आणि १९६१ साली चुकेल, आणि आपण कधी बरोबर आणि कधी चूक हे त्याला पाकिटावरून कधीच कळणार नाही.

१९७१ ची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिथे खासगी निरोपच शस्त्र म्हणून वापरला गेला. विक्रांतच्या बॉयलरला तडे गेले होते. वेग कमी ठेवून जहाज चालवावे लागत होते, तरीही ते पूर्व किनाऱ्यावर आणले गेले. पाकिस्तानची ‘गाझी’ ही लांब पल्ल्याची पाणबुडी नोव्हेंबरच्या मध्याला कराचीहून निघाली. तिचे लक्ष्य विक्रांतच असणार, हा पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांचा अंदाज होता. त्यांनी विक्रांत गुपचूप अंदमानकडे पाठवली आणि विशाखापट्टणमला ती आहे असा देखावा उभा केला. ‘राजपूत’ ही निवृत्तीला आलेली जुनी विनाशिका विक्रांतचे सोंग घेऊन समुद्रात गेली आणि मोठ्या जहाजाला साजेल इतका बिनतारी संदेशांचा गलबला करू लागली. बंदरातल्या कंत्राटदारांकडे मोठ्या ताफ्याला पुरेल एवढा शिधा मागवला गेला. आणि कृष्णन यांनी पुढे आठवणींत लिहिले त्याप्रमाणे, मुद्दाम गुप्ततेचा नियम मोडून एक उघडी, खासगी तार धाडली गेली. विक्रांतवरचा कोणी खलाशी गंभीर आजारी आईची खुशाली विचारतो आहे, अशी ती तार होती. आईच्या आजारपणाची तार हा आपल्याकडे रजा मिळवण्याचा किती जुना मार्ग, हे खेड्यापाड्यातल्या कुणालाही सांगायला नको. त्याच तारेचा इथे आमिष म्हणून उपयोग झाला. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमसमोर बुडाली, आणि ४ तारखेला सकाळी विक्रांतच्या विमानांनी कॉक्सबझारवर हल्ला केला.

यावर लगेच आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. गाझी कशाने बुडाली याबद्दल दोन्ही देशांचे म्हणणे वेगळे आहे. भारतीय नौदल राजपूतच्या स्फोटकांना श्रेय देते, तर पाकिस्तानच्या मते तिच्याच सुरुंगांचा स्फोट झाला. शिवाय विजयी सेनापतीच्या आठवणींत आपल्या युक्तीचे माप थोडे झुकते असणार, हेही धरून चालावे. पण माझा मुद्दा गाझीला ती तार खरेच पोचली की नाही, यावर उभा नाही. नौदलाने आमिष म्हणून काय निवडले, एवढेच मी पाहतो. शत्रू कान देऊन ऐकत असेल तर त्याला सगळ्यात खरी वाटेल ती गोष्ट कोणती? खलाशाची घरगुती चौकशी. सरकारी संदेश खोटा असू शकतो, हे कोणत्याही गुप्तहेराला ठाऊक असते. आईची तब्येत विचारणारा पोरगा खोटा असेल असे चटकन कोणाच्या मनात येत नाही. घरच्या टपालातून जहाजाचा ठावठिकाणा फुटतो, हे नौदलाला पक्के माहीत होते म्हणूनच त्याने त्याच वाटेने खोटा ठावठिकाणा पुरवला.

कागदामुळे युद्धनौका उघडी पडल्याचा याहून थेट दाखला पहिल्या महायुद्धात सापडतो, आणि त्याचे एक टोक नगरच्या छावणीकडे येते. ‘कोनिग्सबर्ग’ ही जर्मन क्रूझर १९१४ साली पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर होती. ६ ऑगस्टला तिने अरबी समुद्रात ‘सिटी ऑफ विंचेस्टर’ हे चहा घेऊन निघालेले ब्रिटिश जहाज पकडले, २० सप्टेंबरला झांजीबारच्या बंदरात ‘पेगॅसस’ ही ब्रिटिश युद्धनौका उद्ध्वस्त केली आणि मग ती नाहीशी झाली. आजच्या टांझानियातल्या रुफिजी नदीच्या मुखाशी, खारफुटीच्या जंगलात शिरून ती लपली होती. ब्रिटिश नौदल महिनाभर किनारा धुंडाळत राहिले. शेवटी सुगावा लागला तो कागदपत्रांतून. लिंडी इथे ‘प्रेसिडेंट’ नावाच्या जर्मन आगबोटीची झडती घेतली, तेव्हा तिच्याकडून रुफिजीला कोळसा गेल्याचे कागद हाती लागले. ऑक्टोबर संपण्याआधी ‘चॅथम’ या जहाजाने कोनिग्सबर्गला हेरले. ११ जुलै १९१५ रोजी तोफांच्या माऱ्यानंतर तिच्याच कप्तानाने, मॅक्स लूफने, ती बुडवली. माणसे आणि दहाही तोफा जमिनीवरच्या लढाईला गेल्या. जे जहाज तोफांना आणि दुर्बिणींना महिनाभर दाद देत नव्हते, ते कोळशाच्या नोंदीने पकडून दिले.

जर्मन आरमाराला कागदाची ही भीती युद्धाआधीपासून होती. १८९५ पासून त्यांच्या युद्धनौकांवर जहाजाचेच पोस्ट असे, पण शिक्क्यात जहाजाचे नाव नसून नुसता क्रमांक असे. टपाल बर्लिनच्या आरमारी टपाल कचेरीमार्फत फिरे. तो क्रमांक कोणत्या काळात कोणत्या जहाजाकडे होता, हे कळल्याशिवाय शिक्का मुका. अमेरिकेने उलटा रस्ता धरला. १९०८ पासून तिथल्या युद्धनौकांवर पोस्ट ऑफिसे उघडली आणि शिक्क्यात जहाजाचे नाव छापले जाऊ लागले; कित्येक शिक्क्यांत मधल्या रेघांच्या जागी बंदराचे नावही. शांततेच्या काळात लोकांना याचा इतका नाद लागला की १९३२ साली अशा शिक्क्यांच्या संग्राहकांची खास संघटनाच निघाली. पण १९४१ च्या अखेरीस अमेरिका युद्धात उतरली आणि थोड्याच अवधीत जहाजांची नावे शिक्क्यांतून काढून टाकली गेली. ब्रिटिशांनी दोन्ही महायुद्धांत आरमारी पत्रांवर गावाचे नाव नसलेले मुके शिक्के मारले. एवढी वेगवेगळी आरमारे, एवढ्या वेगवेगळ्या पद्धती, आणि युद्ध सुरू झाले की सगळी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. म्हणून युद्धकाळातल्या पाकिटावर जहाजाचे नाव आणि ठिकाण दोन्ही सुबक अक्षरांत दिसले, तर मला आनंदापेक्षा संशय आधी येतो.

आता नगरची बाजू. भिंगारजवळच्या लष्करी छावणीच्या परिसरात कैदी ठेवण्याची परंपरा जुनी आहे. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदी इथे आणले गेले होते. १९१४ नंतर हिंदुस्थानातले जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुष, म्हणजे व्यापारी, मिशनरी आणि बंदरांत अडकलेल्या जर्मन व्यापारी जहाजांचे खलाशी, नगरला डांबले गेले. बायका-मुलांसाठी बेळगावला वेगळी छावणी होती. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत पकडलेले जर्मनही समुद्र ओलांडून इथे आले, म्हणजे ज्या आघाडीवर कोनिग्सबर्गच्या तोफा ओढून नेल्या गेल्या होत्या, तिथले लोक. १९१७ साली आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी या छावण्या पाहून अहवाल छापला. या कैद्यांच्या पत्रांना १९०७ च्या हेग कराराप्रमाणे तिकीट लागत नसे. त्या बदल्यात पाकिटावर पाठवणारा युद्धकैदी असल्याची खूण, छावणीचे नाव आणि सेन्सॉरचा शिक्का. खलाशी जहाजावर होता तोवर त्याचे ठिकाण गुपित होते. तो पकडला गेला आणि ‘अहमदनगर’ हे नाव त्याच्या प्रत्येक पत्रावर ठसठशीत आले. पकडलेल्या माणसाचे ठिकाण लपवण्यात पकडणाऱ्याला लाभ नसतो, उलट ते कळवणे करारानुसार बंधनकारक असते. ठिकाण सांगणारा आणि ठिकाण गिळणारा, हे दोन्ही शिक्के एकाच युद्धाचे. पाकिटावर ठिकाण किती उघड लिहिले आहे यावरून माणूस मोकळा होता की बंदिस्त, याचा अंदाज बांधता येतो, आणि तो आपल्या सहज समजुतीच्या बरोबर उलटा येतो.

या नियमाला अपवाद म्हणून कोणी नगरचा किल्लाच पुढे करील. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत धरलेले काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य, म्हणजे मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि बाकीचे, या किल्ल्यात ठेवले गेले. ते कैदी होते आणि तरीही त्यांचे ठिकाण सरकारने जाहीर केले नाही. सुरुवातीचे काही आठवडे पत्रे, भेटी, वर्तमानपत्रे सगळे बंद होते. नेहरूंनी याच किल्ल्यात लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त नोंदले आहे की आपण इथे आहोत हे राज्याचे गुपित मानले जात होते, पण गुपित फारच कच्चे होते, साऱ्या देशाला ते ठाऊक होते. मला हा अपवाद वाटत नाही. सरकारच्या लेखी ते युद्धकैदी नव्हते, त्यांना कोणताही करार लागू नव्हता, आणि लोक किल्ल्यावर चालून येतील ही धास्ती होती. थोडक्यात, ब्रिटिशांनी किल्ल्याला युद्धनौकेचे नियम लावले. फसले ते एवढ्यासाठी, की युद्धनौका हलते आणि किल्ला हलत नाही. रेल्वेने आणलेली माणसे, वाढवलेला पहारा, बाजारातून आत जाणारा भाजीपाला, हे सगळे नगरकरांच्या डोळ्यांसमोर. नुसता शिक्का पुसून ठिकाण लपत नाही, त्याला समुद्राचीही साथ लागते.

संग्राहकांचा आक्षेप वेगळा असतो. ते म्हणतील, जहाजाचे चित्र, नाव, तारीख, सगळे असलेली कितीतरी पाकिटे बाजारात मिळतात, मग शिक्का मुका कसा? मिळतात, आणि देखणीही असतात. जहाज नौदलात दाखल होताना, निवृत्त होताना, ४ डिसेंबरच्या नौदल दिनाला, २००१ मध्ये मुंबईला आणि २०१६ मध्ये विशाखापट्टणमला झालेल्या आंतरराष्ट्रीय ताफा संचलनाच्या वेळी अशी विशेष पाकिटे निघाली. पण ती समारंभाची कागदपत्रे आहेत. ती कोणी कोणाला काही कळवण्यासाठी लिहिलेली नसतात; आत बहुधा कोरे कार्ड असते. ज्या दिवशी जहाजाचे ठिकाण सगळ्या जगाला दाखवायचे असते, त्याच दिवशी ती निघतात, म्हणून सेवा-इतिहासात त्यांच्यामुळे नवीन काही भर पडत नाही. लिलावात त्यांना भाव जास्त येतो आणि चुरगळलेल्या इनलँडला कमी. पुरावा म्हणून मी इनलँड आधी उचलीन.

मग कोणी विचारील, जहाजाची नोंदवही असताना या इनलँडचे तरी काय काम? नोंदवहीत तासातासाचे अक्षांश-रेखांश असतात, हे खरे. पण त्या नोंदी सर्वसामान्यांच्या हाती सहजी येत नाहीत, आणि त्यांत घर नसते. जहाज कधी निघाले हे नोंदवही सांगेल. ते निघाल्याचे घरी किती दिवसांनी कळले, मधल्या काळात किती पत्रे वाटेत होती, रेडिओवर जहाज बुडाल्याची अफवा ऐकल्यावर पुढचे पत्र हातात पडेपर्यंत किती दिवस गेले, हे मागच्या बाजूचा वाटपाचा शिक्काच सांगतो. १९९७ च्या ३१ जानेवारीला विक्रांत निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ नंतर तोडली गेली. तिचे थोडे पोलाद वितळवून एका दुचाकीच्या पेट्रोलच्या टाकीत घातले, ती दुचाकी २०१६ पासून पुणे-नगर रस्त्यावरही धावली. जहाज असे भंगारात आणि टाकीत विखुरले गेल्यावर त्यावरच्या माणसांच्या रोजच्या आयुष्याची मूळ कागदपत्रे उरली, ती घरोघरच्या ट्रंकांत.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. उपग्रह वरून पाहतात, खलाशी फोनवर बोलतात, आता टपालशिक्क्याची गुप्तता कशाला? पण धोका कागदावरून फोनवर गेला, एवढेच झाले. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने २०१७ च्या नोव्हेंबरात जगभरच्या धावणाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि २०१८ च्या जानेवारीत त्यातून ओसाड वाळवंटातले लष्करी तळ उजेडात आले. डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीच्या संशयावरून नौदलाच्या काही जणांना अटक झाल्यावर भारतीय नौदलाने तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुक यांना बंदी केली. खलाशाला घरी बोलायचे असते आणि त्या बोलण्यातून जहाज सापडते. हा पेच रुफिजीच्या काळात होता तसाच आहे. फरक पडला तो इतिहास लिहिणाऱ्याला. बंदी असो वा नसो, फोनवरचे बोलणे मागे काही ठेवत नाही. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, आणि पत्रे त्याआधीच विरळ होत गेली होती.

म्हणून जिल्ह्यात ज्यांच्या घरी अशी पत्रे असतील त्यांनी तिकिटे कापून अल्बमात लावू नयेत, एवढे तरी पाहावे. तिकीट कापले की शिक्का अर्धा जातो आणि पत्रातली तारीख त्याच्यापासून तुटते. पाकीट अख्खे ठेवावे, आतला कागद त्याच पाकिटात ठेवावा आणि वेगळ्या वहीत पत्रातली तारीख, रवानगीची तारीख, वाटपाची तारीख आणि जहाजाचे नाव उतरवून घ्यावे. पन्नासेक पत्रांच्या अशा नोंदी शेजारी मांडल्या की तारखांमधले अंतर कुठे फुगते आणि कुठे आटते ते दिसू लागते. मग जहाजाच्या छापील इतिहासातल्या मोहिमा त्या फुगवट्यांवर बसतात का, ते तपासावे. बसल्या तर उत्तम. एखादा फुगवटा कोणत्याही ज्ञात मोहिमेत बसला नाही, तर खरी चौकशी तिथून सुरू होते.